अमेरिकन नवऱ्याला ब्रिटिश जहाजावर न्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, नवरा मूळचा ओहायोचा, मुलगी अकरा वर्षांची. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपन्यांच्या कॅरिबियन सफरी तुम्ही केल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, तेव्हा सगळ्यांनी मिळून पी अँड ओ या ब्रिटिश क्रूझ कंपनीच्या ‘आयोना’ जहाजावर साउथॅम्प्टनहून नॉर्वेला सात रात्री जावं असं तुमच्या मनात आहे. नवऱ्याला वाटतं की ब्रिटिश बोट म्हणजे रोज टाय, सगळे म्हातारे आणि अळणी जेवण. मैत्रीण म्हणते, जायचंच तर क्युनार्ड या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीनं जा. मी ब्रिटिश जहाजांवर रेस्टॉरंट विभागात बरीच वर्षं काढली आणि आता साउथॅम्प्टनमध्ये राहून क्रूझची बुकिंगं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्या, जरूर न्या. पण निघण्याआधी त्यांच्याशी एका गोष्टीवर बोलून घ्या. अमेरिकन जहाजावर दिवसभर काय काय करता येतं, यावर सगळा भर असतो: घसरगुंड्या, सर्फिंग, आइस स्केटिंग, पूलवर मोठ्या आवाजात संगीत, दर तासाला काहीतरी नवं. ब्रिटिश जहाजाची खरी गंमत समुद्रावरच्या रिकाम्या दिवसात असते. सकाळी डेकवर दोन-तीन फेऱ्या, मग व्याख्यान किंवा पुस्तक, दुपारी चहा, संध्याकाळी पबमधली प्रश्नमंजुषा, मग कपडे बदलून निवांत जेवण. करमणूक प्रवासी बऱ्याच अंशी स्वतःच करून घेतात. असा दिवस ज्याला आवडतो तो अमेरिकन माणूस ब्रिटिश जहाजाच्या प्रेमात पडतो, हे मी टेबलापाशी उभं राहून वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्याला समुद्रावरचा दिवस म्हणजे दोन बंदरांमधला वाया गेलेला वेळ वाटतो, त्याला कितीही चांगलं जहाज दिलं तरी तो कंटाळतो. तुमचे मिस्टर यांतले कोण, ते तुम्हालाच ठाऊक.

आता त्यांच्या तिन्ही शंकांकडे वळतो. म्हाताऱ्यांची शंका आयोनाला मुळीच लागू नाही. पी अँड ओच्या ‘ऑरोरा’ आणि ‘आर्केडिया’ या दोन बोटी फक्त प्रौढांसाठी आहेत. तिथे वय जास्त असतं आणि वातावरण सगळ्यांत जुन्या वळणाचं. मुलगी बरोबर असल्यानं त्या तुमच्या यादीतून आपोआप गळतात. आयोना २०२१ मध्ये सेवेत आली, साधारण १,८४,००० टनांची आहे, ५,२०० प्रवासी घेते, एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालते आणि तिच्यावर काचेच्या घुमटाखाली पोहण्याचा तलाव आहे. रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ अर्थात याहून बरंच मोठं, पण ब्रिटिश म्हणजे छोटं आणि जुनाट हा समज आयोना पाहिल्यावर टिकत नाही. उन्हाळ्यात ती मुलाबाळांनी भरलेली असते. किती भरलेली, हे तारखेवर ठरतं, आणि तारखेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात, न्यू जर्सीच्या शाळा मात्र जूनच्या उत्तरार्धातच. जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हा काळ तुमच्यासारख्यांसाठी उत्तम. मुलीला सुट्टी आहे, इंग्लंडमधली बहुतेक मुलं अजून शाळेत आहेत, भाडं ऑगस्टपेक्षा कमी आणि नॉर्वेत रात्री दहालाही उजेड. त्या दिवसांत मुलांच्या क्लबमध्ये तिला सोबत जरा कमी मिळेल, तेवढं धरून चाला.

टायचं म्हणाल, तर पी अँड ओवर सात रात्रींच्या सफरीत साधारण एक-दोन रात्रीच नटूनथटून जायच्या असतात. त्या रात्री पुरुष डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालतात. बाकीच्या रात्री चांगला शर्ट आणि पँट पुरे. नटायचंच नसेल तर त्या रात्रीही बुफेत आणि इतर काही ठिकाणी साध्या कपड्यांत जेवता येतं. पण मी तुमच्या मिस्टरांना सांगेन की त्या रात्री चुकवू नका. सगळं जहाज नटलेलं असतं, लोक एकमेकांचे फोटो काढून देतात, शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई आपण होऊन बोलायला येतात. आईंनी पैठणी आणि बाबांनी बंद गळ्याचा कोट आणला तर ते पूर्णपणे नियमात बसतं आणि लोक मुद्दाम थांबून कौतुक करतात. क्युनार्डचा कडकपणा एक पायरी वरचा. तिथे संध्याकाळी सहानंतर बहुतेक सार्वजनिक जागांमध्ये नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि ठरलेल्या रात्री गाला, म्हणजे नटूनथटून जायचा खास समारंभ, असतो, त्यात एक मुखवट्यांचाही.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते माझं काम होतं. ब्रिटिश जेवण मसाल्याला हात आखडता घेतं हे खरं. पण रविवारचं रोस्ट आणि यॉर्कशायर पुडिंग, स्टेक अँड किडनी पाय, फिश अँड चिप्स, गरम कस्टर्ड घातलेली पुडिंगं हे पदार्थ ही माणसं मनापासून करतात आणि मनापासून खातात. ओहायोच्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. न्याहारीला मात्र त्यांना फरक जाणवेल. बेकन कुरकुरीत पट्ट्यांचं नसतं, जाड आणि मऊ असतं. बाजूला टोमॅटो सॉसमधले बीन्स, भाजलेला टोमॅटो, मश्रूम आणि ब्लॅक पुडिंग, म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज. पेयात बर्फ हवा असेल तर मागावा लागतो, आणि आइस्ड टी म्हटल्यावर वेटरला दोनदा समजावून सांगावं लागेल. दुपारचा चहा मात्र चुकवू नका. स्कोन्स, क्लॉटेड क्रीम, जॅम, काकडीची पातळ सँडविचेस. क्युनार्डवर तर क्वीन्स रूम या नाचाच्या दालनात पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा ओततात आणि बाजूला वाद्यवृंद वाजत असतो. पहिल्या दिवशी या प्रकाराकडे नुसतं बघायला आलेले अमेरिकन पाहुणे तिसऱ्या दिवशी साडेतीनच्या आधी येऊन जागा धरताना मी पाहिलेत.

आई-बाबांसाठी ब्रिटिश जहाज अमेरिकन जहाजापेक्षा सोपं जातं, असं माझं ठाम मत आहे. एक तर केबिनमध्ये किटली असते, जी अमेरिकन जहाजांवर सहसा मिळत नाही आणि आपली नेऊही देत नाहीत. सकाळी सहाला उठून स्वतःचा चहा करता येणं ही आपल्या ज्येष्ठांसाठी केवढी मोठी सोय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. येताना चहाचा मसाला आणि थोडी चहा पावडर बरोबर असू द्या. दुसरं, ब्रिटिश लोकांना करी मनापासून आवडते, त्यामुळे बुफेत करीचा एखादा प्रकार आणि भात वारंवार असतो. शाकाहारी पदार्थ मेन्यूत स्पष्ट खूण करून दिलेले असतात. आयोनावर ‘सिंधू’ नावाचं भारतीय पद्धतीचं खास रेस्टॉरंट आहे. त्याचे वेगळे पैसे पडतात, पण ते पैसे वसूल होतात. तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कर्मचारी. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला आई-बाबांचं जेवण नीट सांगा: अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, तिखट किती. तो गोव्याचा किंवा मुंबईचा निघण्याची शक्यता बरीच आहे. दुसऱ्या दिवसापासून आदल्या रात्री सांगून ठेवलं की डाळ-भात, एखादी भाजी सहसा होऊन जाते. हे आयत्या वेळी मागू नका, स्वयंपाकघर हजारो लोकांचं एकाच वेळी करत असतं.

गोव्याचा हा संबंध जुना आहे. पी अँड ओची सुरुवात १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालची टपाल नेण्याच्या कंत्राटातून झाली. १८४० च्या सनदेनं नावात ‘ओरिएंटल’ आलं आणि पुढे मुंबईची टपाल याच बोटींनी येऊ-जाऊ लागली. सलूनमधले, म्हणजे जहाजावरच्या भोजनगृहातले, वाढपी आणि स्वयंपाकी मोठ्या प्रमाणात गोव्याचे असत, तर अनेक ब्रिटिश बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असत. बोटीची वाट पाहत मुंबईत थांबलेल्या गोवेकरांसाठी धोबी तलाव आणि माझगाव भागात त्यांच्या त्यांच्या गावांचे कूड, म्हणजे एकत्र राहण्याच्या जागा, होत्या. तुमच्या बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना हेही सांगा: १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेलिसला ज्या ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली ती पी अँड ओची होती. गोलमेज परिषदेसाठी १९३० मध्ये डॉ. आंबेडकर ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’नं गेले आणि १९३१ मध्ये गांधीजी ‘राजपुताना’नं, त्याही याच कंपनीच्या. आज जहाजावर हे सगळं फारसं कुठे लिहिलेलं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘ब्रोडीज’ आणि ‘अँडरसन्स’ ही पी अँड ओच्या बारची नावं मात्र ब्रोडी विलकॉक्स आणि आर्थर अँडरसन या संस्थापकांवरून आलेली आहेत.

पैशांच्या बाबतीत अमेरिकन माणसाला सुखद धक्का बसतो. अमेरिकन जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप खात्यावर आपोआप चढते आणि प्रत्येक ड्रिंकवर १८-२० टक्के वेगळे. पी अँड ओनं मे २०१९ पासून रोजचा सेवाआकार काढून भाड्यातच धरला. पाच जणांच्या सात रात्रींचा हिशेब केलात तर ही रक्कम छोटी नाही, म्हणून दोन कंपन्यांच्या भाड्याची तुलना करताना ती धरूनच करा. टिप न देणं मिस्टरांना अवघड वाटत असेल तर शेवटच्या दिवशी केबिन स्टुअर्ड आणि वेटरला पौंडांत रोख द्यावं, ते आनंदानं घेतलं जातं, पण कोणी वाट पाहत नाही. जहाजावरचं खातं पौंडांत चालतं, तेव्हा परकीय व्यवहाराचं शुल्क न लावणारं कार्ड न्या. क्युनार्डचं उलट: खातं डॉलरमध्ये आणि रोजचा सेवाआकार कायम. आणखी एक सोय अमेरिकन पाहुण्यांना माहीत नसते. पी अँड ओ आणि क्युनार्ड दोन्हींवर स्वतः कपडे धुण्याची मशिनं फुकट असतात. म्हणजे सामान निम्मं आणा. प्लगचं मात्र लक्षात ठेवा. केबिनमधले सॉकेट मुख्यतः ब्रिटिश, तीन पिनांचे असतात, आणि अमेरिकेतला ११० व्होल्टचा हेअर ड्रायर तिथे जळून जाईल. तो घरीच ठेवा, केबिनमध्ये असतो.

माणसांबद्दल सांगायचं तर तुमचे मिस्टर जहाजावर थोडेसे पाहुणे ठरतील, आणि ते चांगलंच आहे. पी अँड ओवर जवळजवळ सगळे प्रवासी ब्रिटिश असतात, त्यामुळे अमेरिकन उच्चार ऐकला की लोक कुतूहलानं विचारपूस करतात. पहिल्या भेटीत ते मोकळे होत नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रश्नमंजुषेला त्याच टेबलाशी पुन्हा बसलात की झालेच तुमचे. त्या मंजुषेत निम्मे प्रश्न ब्रिटिश टीव्ही आणि फुटबॉलवर असतात. अमेरिकन राज्यं, त्यांचे अध्यक्ष, बेसबॉल यांवर एखादा प्रश्न आला की सगळे त्यांच्याकडेच बघतील. बक्षीस अगदी किरकोळ असतं आणि त्यासाठी चुरस भयंकर असते. बाबांना क्रिकेटवर बोलायला माणसं शोधावी लागणार नाहीत, इंग्लंडचा कसोटी सामना चालू असेल तर विशेषच. बंदर सोडताना डेकवर युनियन जॅक हलवत देशभक्तीची गाणी गाण्याचा कार्यक्रमही बऱ्याच सफरींत असतो. काही अमेरिकनांना तो अवघडल्यासारखा वाटतो, पण त्यांच्यातलेच काही दुसऱ्या गाण्याला झेंडा हातात घेतात.

क्युनार्डबद्दल तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही, फक्त ती सफर वेगळी. सॅम्युअल क्युनार्ड हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. त्याची १८४० ची पहिली बोट ‘ब्रिटानिया’ लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे बॉस्टनला गेली. म्हणजे ही कंपनी पहिल्यापासून अमेरिकेशी बांधलेली, आणि अमेरिकन प्रवासी तिथे एकटा पडत नाही. पी अँड ओ आणि क्युनार्ड दोघींची मालकी आज कार्निव्हलकडेच आहे. क्युनार्ड १९९८ मध्ये आली, पी अँड ओ २००३ मध्ये प्रिन्सेस या क्रूझ कंपनीबरोबर. अमेरिकेत सगळे अमेरिकन समजतात ती प्रिन्सेस कंपनीसुद्धा पी अँड ओनं १९७४ मध्ये विकत घेतली होती. म्हणून ‘ब्रिटिश’ म्हणजे मालकी कोणाची हे पाहू नका, जहाजावर कोण बसतं आणि ते कोणासाठी चालवलं जातं ते पाहा.

क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’नं साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही सात रात्रींची सफर मला व्यक्तिशः सगळ्यांत प्रिय आहे. २००४ पासून चालणारं हे जहाज क्रूझसाठी नाही, खवळलेला अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेलं आहे, आणि हवा बिघडली की तिच्या लांब, खोल बांध्यातला फरक पायांना कळतो. मध्ये एकही बंदर नाही. दुपारी बारा वाजता कप्तान जहाज कुठे आहे आणि हवा कशी आहे ते सांगतो. हजारो पुस्तकांचं ग्रंथालय, तारांगण, व्याख्यानं, रात्री खरा बॉलरूम डान्स. कुत्र्यांसाठी केनेल आहेत आणि त्यांच्या फिरण्याच्या जागेत लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा फायर हायड्रंट असे दोन्ही उभे आहेत. तिचा एक भोंगा कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमच्या उभ्या असलेल्या जुन्या ‘क्वीन मेरी’वरून आणलेला आहे. पश्चिमेकडे येताना घड्याळ पाच वेळा तासभर मागे जातं, म्हणजे पाच रात्री झोप जास्त. पूर्वेकडे जाताना तेच तास गमवावे लागतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं पश्चिमेकडेच यावं. शेवटी जहाज ब्रुकलिनमध्ये रेड हुकला लागतं. तिथून तुम्ही गाडीनं थेट एडिसनला.

एक गोष्ट मात्र अमेरिकन मनाला खटकू शकते. क्युनार्डवर जुन्या बोटींचे वर्ग एका रूपात अजून आहेत. महागड्या सूटवाल्यांची क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल ही रेस्टॉरंटं, लाउंज आणि डेकचा एक भाग वेगळा असतो. थिएटर, ग्रंथालय, क्वीन्स रूम सगळ्यांना सारखीच खुली. साध्या केबिनच्या पाहुण्याला कोणी कमी लेखत नाही, पण दारावरची पाटी दिसते.

तुमच्या कुटुंबासाठी मी या खेपेला आयोनाच निवडीन. मुलगी आहे, आई-बाबांना फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, बघायचे आहेत, आणि सात दिवस सलग पाणी बघणं पहिल्याच ब्रिटिश सफरीत पाच जणांपैकी निदान दोघांना जड जाईल. स्टाव्हँगर, ओल्डेन, हेलेसिल्ट, हाउगेसुंड अशी बंदरं या सफरींत येतात. ओल्डेनला ब्रिक्सडालची हिमनदी चुकवू नका. नॉर्वेत बाहेर जेवण फार महाग आहे, नाश्ता पोटभर करून उतरा. जुलैतही पाऊस आणि गारठा असतो. क्वीन मेरी तुम्ही आणि मिस्टर दोघांनी नंतर करा.

कागदपत्रांकडे आजच बघा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ८ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये येण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, ते काम सोपं आहे. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय, त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असला तरी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागेल, आणि नॉर्वे शेंगेन या युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशगटात असल्यानं शेंगेन व्हिसाही. ब्रिटनमध्ये ते दोनदा शिरणार आहेत, एकदा विमानानं आणि एकदा बोटीनं परतताना, तेव्हा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना ते तपासा. शेंगेनसाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ब्रिटनसाठी तीन महिने आधीपासून. म्हणजे ब्रिटनचा व्हिसा हातात येण्याआधीच क्रूझचे पूर्ण पैसे भरायची तारीख येऊ शकते. बुकिंग करताना रद्द केल्यावर किती कापतात ते लेखी घ्या. प्रवास विमा पी अँड ओला सक्तीचा आहे. आई-बाबांचा विमा भारतातूनच काढा, त्यात क्रूझचा समावेश आणि आधीच्या आजारांची नोंद स्पष्ट असू द्या. तुमच्या अमेरिकन आरोग्य विम्यावर समुद्रात विसंबू नका.

नुवार्कहून रात्रीचं विमान घेऊन सकाळी हीथ्रोला उतरून त्याच दिवशी जहाज पकडायला जाऊ नका. एक दिवस आधी या. हीथ्रोहून साउथॅम्प्टनला थेट बस आहे, साधारण दोन तासांची. लंडनमध्ये थांबणार असाल तर वॉटर्लूहून रेल्वेनं सव्वा-दीड तास. केबिन घेताना आई-बाबांची तुमच्या शेजारी, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या बाजूच्या डेकवर घ्या, हलणं कमी जाणवतं. सगळ्यांत स्वस्त भाड्यात केबिन नंबर स्वतः निवडता येत नाही, म्हणून इथे थोडे जास्त पैसे मोजा. आणि बुकिंग क्रमांक मिळाला की ऑनलाइन खात्यातून ‘सिंधू’ची एक संध्याकाळ लगेच राखून ठेवा, तिथली सोयीची वेळ जहाजावर चढल्यावर मिळणं कठीण असतं.